लिनक्स कर्नलमधील पॅच-प्रक्रिया

लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कोणीही बदल सुचवावा, जाणकारांनी तो तपासावा आणि पटला तर मुख्य शाखेत घ्यावा, यासाठी रुळलेली पद्धत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नलचे काम सुरू केले, तेव्हापासून बदल ‘पॅच’च्या, म्हणजे कोडच्या कोणत्या ओळी काढल्या-घातल्या ते दाखवणाऱ्या मजकुराच्या, रूपात ईमेलने येतात. बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्पांत आज पुल रिक्वेस्ट, म्हणजे संकेतस्थळावरून ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, टाकली की भागते. इथे तसे चालत नाही. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर कर्नलची प्रत दिसते खरी, पण तिथे बदल स्वीकारले जात नाहीत. गंमत म्हणजे, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या बिटकीपर या प्रणालीचा फुकट वापर बंद झाल्यावर २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट ही प्रणाली लिहिली ती याच कर्नलसाठी.

नवख्याची पहिली अडचण कोडची नसते, पत्त्याची असते. कर्नलचा प्रत्येक भाग कोणी ना कोणी सांभाळतो. अशा सांभाळणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. ही नावे ‘मेंटेनर्स’ नावाच्या फाइलमध्ये असतात आणि बदललेल्या ओळींवरून योग्य माणसे शोधून देणारी एक स्क्रिप्टही (छोटा प्रोग्राम) कर्नलसोबतच मिळते. ‘चेकपॅच’ ही दुसरी स्क्रिप्ट लेखनशैलीतल्या चुका दाखवते. उदाहरणार्थ, कर्नलमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या जागेसाठी आठ रकान्यांचा टॅबच लागतो. मात्र निव्वळ चेकपॅचच्या इशाऱ्यांवरून जुना कोड चकचकीत करणारे पॅच अनेक मेंटेनरांना नकोसे होतात. तसला सराव करायचा तर ‘स्टेजिंग’ या अजून तयार नसलेल्या कोडच्या विभागातले कच्चे ड्रायव्हर (उपकरणे चालवणारा कोड) बरे.

पॅच साध्या मजकुरातच जावा लागतो. एचटीएमएल किंवा जोडफाइल चालत नाही. म्हणून ‘गिट सेंड-ईमेल’ ही आज्ञा वापरतात. विषयात आधी विभागाचे नाव, मग एका ओळीत बदल. खाली कारण लिहायचे: काय बिघडत होते, कोणाला त्रास होत होता. काय बदलले ते कोडवरून कळतेच, का बदलले ते कळत नाही; त्यामुळे खरी मेहनत या परिच्छेदावर घ्यावी. त्यानंतर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे सहीची, ओळ आणि तिच्याखाली तीन आडव्या रेघा. रेघांच्या खाली ‘दुसऱ्या आवृत्तीत अमुक बदलले’ अशी टिपणे टाकता येतात. ती वाचणाऱ्यापुरती असतात, गिटच्या इतिहासात जात नाहीत.

सहीची ही ओळ २००४ मध्ये आली. आदल्या वर्षी, आयबीएमने आपला कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप करत एससीओ या कंपनीने तिच्यावर दावा लावला होता, आणि कोणती ओळ कुठून आली हे दाखवता येणे निकडीचे झाले. सही करणारा म्हणतो की हे काम फाइलमध्ये नमूद केलेल्या मुक्तस्रोत परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे. पॅच ज्या मेंटेनराच्या हातून पुढे जातो तोही आपली सही जोडतो, त्यामुळे सह्यांची रांग म्हणजे पॅचचा प्रवासच. सगळी भिस्त माणसांवरच्या विश्वासावर असते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याच्या प्रकरणावरून एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे पॅच घेणे थांबवले आणि तिथून पूर्वी आलेले बदलही पुन्हा तपासायला काढले गेले.

पहिलाच पॅच जसाच्या तसा घेतला जाणे विरळा. शेरे येतात, कधी तिखटही. त्यांना मूळ ओळीच्या खालीच उत्तर द्यायचे आणि सुधारून दुसरी, तिसरी आवृत्ती पाठवायची. पटलेला बदल आधी मेंटेनराच्या शाखेत, म्हणजे कोडच्या त्याच्या स्वतःच्या प्रतीत, जातो. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यातले पहिले दोन आठवडेच टोरवाल्ड्स नवे काम आत घेतात, पुढे फक्त दुरुस्त्या. ही मुदत हुकली की नव्या कामाला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. उत्तरच आले नाही तर किमान आठवडाभर थांबून मगच आठवण करावी, असे कर्नलच्या दस्तऐवजात म्हटले आहे. मुदतीच्या त्या दोन आठवड्यांत तर त्याहून जास्त थांबलेले बरे.