यूजेबल सिक्युरिटी म्हणजे सिक्युरिटीचं यूएक्स नव्हे

"म्हणजे तू पासवर्डच्या स्क्रीन सोप्या करतेस, असंच ना?" हा प्रश्न मला सेमिनारमध्ये, प्रवासात आणि एकदा तर संशोधनासाठी निधी मागायला गेले त्या समितीतही विचारला गेलाय. पूर्वी 'हो' म्हणून मोकळी व्हायचे. आता थांबून 'नाही' म्हणते. माझं क्षेत्र यूजेबल सिक्युरिटी, म्हणजे सुरक्षेची साधनं माणसं प्रत्यक्षात कशी वापरतात आणि त्यात खरंच सुरक्षित राहतात का, याचा अभ्यास. ते आणि यूएक्स, म्हणजे वापरताना येणारा अनुभव सोपा करणं, एकच समजण्याच्या घोळापायी चुकीच्या टेस्ट होतात, त्यांचे निकाल छान येतात आणि त्या निकालांच्या जोरावर नको ते डिझाइन पास होतं.

यूजेबिलिटी टेस्टिंग तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. माणसाला काम द्यायचं, शेजारी बसून बघायचं: काम झालं का, वेळ किती लागला, वैताग आला का. आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात हेच परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान अशा भारदस्त शब्दांत सांगितलंय.

यूजेबल सिक्युरिटीतही आम्ही माणसं बोलावतो, स्क्रीन दाखवतो, नोंदी घेतो. वरवरचे फरक आहेत, पण किरकोळ. आमची सूप्स नावाची वेगळी परिषद २००५ पासून भरते, तिथे क्रिप्टोग्राफीवाले आणि मानसशास्त्रवाले एकमेकांना शब्दांचे अर्थ विचारत बसतात, वगैरे. सोडून द्या.

सगळी गोम एकाच ठिकाणी आहे: चूक झाली हे कळतं कुणाला?

साध्या यूजेबिलिटीत चूक बोंब मारते. तिकीट निघालं नाही की माणूस तिथेच कपाळाला हात लावतो. सुरक्षेतली चूक मुकी असते.

फाइल शेअर करायचं उदाहरण घ्या. एकानं 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय ठेवून फाइल पाठवली. समोरच्याकडे ती पहिल्या फटक्यात उघडली, 'मिळाली, थँक्स' असं उत्तर आलं. दोघंही खूश. लिंक मात्र उघडीच राहिली. पुढे कुणी ती कुठल्या ग्रुपवर टाकली तर पाठवणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. दुसऱ्यानं जपून फक्त एकाच ईमेलला परवानगी दिली. समोरचा नेमका दुसऱ्या अकाउंटनं लॉगिन झालेला. लगेच मेसेज: 'अरे, उघडत नाहीये, नीट पाठव ना.' आता सांगा, पुढच्या वेळी हा दुसरा काय करेल? चुकीच्या सेटिंगला शाबासकी मिळाली, बरोबर सेटिंगला बोलणी बसली. महिनाभर हे चाललं की माणूस बेफिकीर व्हायला शिकतो, आणि त्यात त्याचा आळस नसतो. तुमच्या टेस्टमध्ये पहिल्याला पूर्ण गुण पडतील, दुसरा नापास होईल.

हे कागदावर आलं त्यालाही बराच काळ लोटला. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी पीजीपी ५.० हे ईमेल सुरक्षित करायचं सॉफ्टवेअर मुद्दाम निवडलं, कारण सर्वसाधारण निकषांवर त्याचा इंटरफेस चांगला मानला जात होता. १२ जणांना ९० मिनिटं दिली आणि ईमेल डिजिटल सही करून, एन्क्रिप्ट करून (म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही असं कुलूपबंद करून) पाठवायला सांगितलं. बहुतेकांना ते जमलं नाही. पण 'जमलं नाही' या एका खान्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ईमेल कुलूपबंद करायला ज्याला पाठवायचं त्याची पब्लिक की लागते; सात जणांनी पाठवताना फक्त स्वतःचीच वापरली. ते ईमेल समोरच्याला उघडणारच नाही, म्हणजे तक्रार ठरलेली आणि चूक उघडी पडणार. तिघांच्या हातून मात्र गुप्त मजकूर उघडाच गेला. त्यातल्या दोघांच्या ते लगेच लक्षात आलं. एकाला एन्क्रिप्शन आपोआप झालंय असंच वाटत राहिलं. मला झोप न लागू देणारा माणूस हाच. त्याला समाधानाचा फॉर्म दिला असता तर त्यानं काय लिहिलं असतं, याचा अंदाज करा.

आता यात विरोधी पक्ष, म्हणजे हल्लेखोर, आणून बसवा. तिकिटाच्या स्क्रीनवर तुम्ही चुकावं म्हणून पलीकडे कुणी राबत नसतं. लॉगिनच्या पानावर राबत असतं. खोटं पान खऱ्याइतकंच सुटसुटीत असतं, कधी जास्तच. 'किती सहज झालं' एवढंच मोजलंत तर चोराच्या पानालाही उत्तम शेरा मिळेल.

टेस्टची पद्धत बदलते ती यामुळेच. सुरक्षित राहायला म्हणून कुणी कॉम्प्युटर उघडत नाही; पैसे भरायचे असतात, फोटो पाठवायचा असतो. 'आज आपण सिक्युरिटीची चाचणी करतोय' असं सांगितलंत की समोरचा एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो. आणि खोटा पासवर्ड देऊन भूमिका करायला लावलीत तर उलटं होतं. २००७ मध्ये ६७ जणांवरच्या एका बँकिंग अभ्यासात दिसलं, की भूमिका करणारे लोक स्वतःचा खरा पासवर्ड वापरणाऱ्यांपेक्षा बेफिकीर वागले. त्याच अभ्यासात एचटीटीपीएसच्या खुणा (वेबसाइटशी जोडणी सुरक्षित आहे हे सांगणाऱ्या ब्राउझरमधल्या खुणा) काढून टाकल्या, म्हणून पासवर्ड द्यायचं एकानंही टाळलं नाही.

'माणूस हाच सगळ्यात कच्चा दुवा' हे वाक्य स्लाइडवर दिसलं की माझं डोकं फिरतं. वापरणारे शत्रू नाहीत, हे अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅस या संशोधकांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावलंत तर माणूस शेवटच्या १ चा २ करणारच. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये ही सक्ती करू नका असं सांगितलं, तरी ती कित्येक ऑफिसांत अजून नांदतेय. कुकीजच्या 'सगळं स्वीकारा' बटणाबद्दल तर बोलायलाच नको. एक क्लिक, शून्य चूक, आणि आपण कशाला हो म्हटलं याचा पत्ता नाही.

विद्यार्थी टेस्टचा आराखडा घेऊन येतात तेव्हा वेळ आणि समाधानाचे रकाने मी नंतर बघते. आधी एक रकाना शोधते: काम संपल्यावर 'आता ही फाइल कोणाकोणाला दिसेल?' असं माणसाला विचारलंय का, आणि त्याचं उत्तर खऱ्या सेटिंगशी ताडून पाहिलंय का. नसेल तर आराखडा परत.