कापलेला चित्रपट वेगळा, वगळून दाखवलेला वेगळा

घरच्या हार्ड डिस्कवरचे आणि जुन्या डीव्हीडींमधले चित्रपट ‘मुलांसाठी एडिट करून ठेवलेत’ असं सांगणारे पालक हल्ली बरेच भेटतात. पण त्यांनी नेमकं काय केलंय ते यातून कळत नाही. कुणी नको तो प्रसंग काढून, उरलेलं जोडून नवी फाइल तयार केलेली असते. कुणी मूळ फाइलला हातसुद्धा लावलेला नसतो. इथून इथपर्यंत पुढे जा, इथे आवाज बंद कर, अशी यादी फक्त प्लेअरच्या हातात दिलेली असते. समोर बसलेल्या मुलाला दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून मोठी माणसंही दोन्ही एकच समजतात आणि एकाची तक्रार दुसऱ्याच्या माथी मारतात. ‘क्वालिटी खराब होते’ हे कापण्याबद्दल खरं असू शकतं, यादीबद्दल नाही. ‘वेळा जुळत नाहीत’ ही यादीची अडचण, कापलेल्या प्रतीची नव्हे. आणि ‘हे बेकायदेशीर आहे हो’ हे तर दोन्हींना सरसकट चिकटवलं जातं.

कापणं म्हणजे काय ते समजावत बसत नाही. लग्नाच्या व्हिडिओतून जेवणाच्या पंगती काढून टाकल्या असतील तर तुम्हाला ते येतं. पालकांसाठीचं लॉक हा इथला विषयच नाही, ते पूर्ण चित्रपट बंद ठेवतं किंवा पूर्ण उघडतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बाजूला ठेवू. २०२४ पासून यूए गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत ही चांगली गोष्ट आहे, पण तुमच्या कपाटातल्या जुन्या डीव्हीडीवर त्यातलं काहीच छापलेलं नसतं.

आता यादीबद्दल, कारण बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसते. तिचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट) फाइल. नोटपॅडमध्ये एका ओळीत तीन आकडे लिहायचे: कितव्या सेकंदाला सुरू, कितव्या सेकंदाला संपतं, आणि काय करायचं. तिसऱ्या जागी ० लिहिलं तर तो भाग वगळला जातो, १ लिहिलं तर आवाज बंद होतो. म्हणजे ‘१८३०.५ १८४२ ०’ ही एक ओळ साडेअकरा सेकंदांचा प्रसंग उडवते. (फाइलमध्ये आकडे इंग्रजी हवेत, देवनागरी आकडे प्लेअरला कळत नाहीत.) चित्रपटाचं नाव तेच ठेवून, शेवटी डॉट ईडीएल लावून ती चित्रपटाच्याच फोल्डरमध्ये ठेवली की कोडी नावाचा प्लेअर तिच्याप्रमाणे चालतो. ही पद्धत आली एमप्लेअर या जुन्या प्लेअरकडून. व्हीएलसी ही फाइल स्वतःहून वाचत नाही, आणि एमपीव्हीमध्ये ईडीएल नावाचं जे आहे ते प्रकरणच निराळं आहे. ‘मी यादी केली पण काहीच वगळलं गेलं नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी आपण कोणता प्लेअर उघडलाय ते बघावं.

तर खरा फरक हा: कापल्यावर एक नवा चित्रपट तयार होतो. यादी केल्यावर नवा चित्रपट तयार होत नाही, असलेल्या चित्रपटाबद्दलचा चार ओळींचा मजकूर तयार होतो. बाकी सगळे फरक यातूनच निघतात.

हा काही शब्दांचा खेळ नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत कंपन्या बुडाल्या आणि वाचल्या आहेत. युटा राज्यात धार्मिक कुटुंबांची वस्ती मोठी, त्यामुळे ‘स्वच्छ’ चित्रपटांना तिथे मागणी होती. १९९८ साली अमेरिकन फोर्क नावाच्या तिथल्या गावातल्या एका व्हिडिओ दुकानाने ‘टायटॅनिक’ची तुमची स्वतःची व्हीएचएस कॅसेट आणा, पाच डॉलरमध्ये तो एक प्रसंग कापून देतो, असा धंदा सुरू केला. त्यानंतर २००० च्या सुमारास आलेल्या क्लीनफ्लिक्स या कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर केलं: मूळ डीव्हीडी विकत घ्यायची, आक्षेपार्ह भाग काढलेली दुसरी डिस्क बनवायची आणि ती गिऱ्हाइकाला द्यायची. त्याच काळात क्लीअरप्ले या दुसऱ्या कंपनीने यादीचा मार्ग धरला. तुम्ही बाजारातली मूळ डीव्हीडीच लावायची, तिच्यात कुठे काय वगळायचं त्याची माहिती प्लेअरमध्ये असायची. २००२ मध्ये हे सगळं डेन्व्हरच्या न्यायालयात गेलं. एका बाजूला कापणारे, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शक आणि स्टुडिओ.

खटला चालू असतानाच, एप्रिल २००५ मध्ये, अमेरिकन संसदेने फॅमिली मूव्ही ॲक्ट मंजूर केला. त्याचा गाभा असा की, घरातल्या माणसाच्या सांगण्यावरून, घरात बघताना, अधिकृत प्रतीतला मर्यादित भाग दिसू किंवा ऐकू न देणं चालेल, पण बदललेल्या रूपाची कायमची प्रत तयार होता कामा नये. क्लीअरप्ले सुटली. क्लीनफ्लिक्सला तो आधार मिळाला नाही, कारण तिच्या हातात कापलेली डिस्क, म्हणजे बदललेली कायमची प्रत, होती. जुलै २००६ मध्ये न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी कापणाऱ्यांच्या विरोधात निकाल दिला. प्रत्येक कापलेल्या डिस्कमागे आम्ही एक मूळ डिस्क विकत घेतलेली आहे, स्टुडिओचं एका पैचं नुकसान नाही, हा त्यांचा युक्तिवाद टिकला नाही.

‘पण मी तर ओरिजिनल विकत घेतलीय’ हे वाक्य आपल्याकडेही कानावर येतं, म्हणून हा तपशील सांगितला. मूळ प्रत विकत घेतल्याने त्या चित्रपटाची निराळी आवृत्ती बनवून वाटण्याचा हक्क मिळत नाही. अर्थात, तो खटला धंदा करणाऱ्या कंपन्यांचा होता, घरी बसून आपल्या पोरांपुरतं कापणाऱ्या आईबापांचा नव्हता, हेही विसरू नका. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी रास्त मोकळीक आहे, पण वगळून दाखवण्यासाठी अमेरिकेसारखी स्वतंत्र तरतूद नाही. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र २००५ च्या त्या कायद्यावर विसंबून डीव्हीडी फोडून कापत बसू नये. त्यांच्याकडे डिस्कचं कुलूप तोडण्याविरुद्ध १९९८ चा वेगळा कायदा आहे.

यादी म्हटली की आपोआप सगळं माफ, असंही नाही. व्हिडएंजल ही कंपनी यादीच वापरत होती. पण त्यासाठी ती डिस्कवरचा चित्रपट आपल्या सर्व्हरवर उतरवून तिथून प्रेक्षकांना दाखवायची. डिस्क २० डॉलरला ‘विकायची’ आणि बघून झाल्यावर १९ डॉलरला परत घ्यायची. डिस्ने, वॉर्नर वगैरेंनी २०१६ मध्ये दावा लावला आणि २०१९ मध्ये ज्यूरीने ६ कोटी २४ लाख डॉलरची भरपाई ठोठावली. वगळण्याला कुणाची हरकत नव्हती, पण ज्या प्रतीवरून वगळत होते तीच अधिकृत नव्हती.

कायदा राहू द्या, रोजच्या वापरातही हा फरक पदोपदी आडवा येतो. यादी चित्रपटाबद्दल बोलते असं वर म्हटलं खरं, पण ती प्रत्यक्षात एका विशिष्ट प्रतीबद्दल बोलते, आणि लोक ठेचकाळतात ते इथेच. दुसऱ्याने केलेली यादी उतरवून घेतात, आपल्या फाइलशेजारी ठेवतात, आणि नेमका नको तो प्रसंग दिसतो, चांगला गाळला जातो. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट युरोपात पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर २५ ने पळवलेला असतो. दोन तासांचा चित्रपट त्यात जवळपास पाच मिनिटं आधी संपतो. एका प्रतीत बरोबर एक तासाला येणारा प्रसंग दुसरीत ५७ मिनिटं ३६ सेकंदांना येतो. आपल्या भारतीय प्रतींची आणखी एक गंमत आहे. पडद्यावर कुणी सिगारेट ओढत असेल तर सुरुवातीला आणि मध्ये किमान ३० सेकंदांची तंबाखूविरोधी जाहिरात आणि २० सेकंदांची सूचना दाखवावी लागते. या जाहिराती ज्या प्रतीत आहेत आणि ज्या प्रतीत नाहीत त्यांच्या वेळा सुरुवातीपासून एका फरकाने आणि मध्यंतरानंतर त्याच्या दुप्पट फरकाने हुकतात. सगळ्या वेळांत एकच आकडा मिळवून यादी दुरुस्त होईल असं समजणारे लोक मध्यंतरानंतर फसतात ते यामुळे. कापलेल्या प्रतीला यातली कुठलीच चिंता नाही, तिच्या वेळा तिच्यातच बसलेल्या असतात.

पण कापणाऱ्यांचाही एक आवडता गैरसमज आहे. लॉसलेसकट किंवा ॲव्हिडेमक्स या कापण्याच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे व्हिडिओ नव्याने न दाबता) कापलं, की क्वालिटीही राहते आणि कामही दोन मिनिटांत होतं. क्वालिटी राहते, पण तुम्ही सांगितलेल्या सेकंदाला काप बसत नाही. डिजिटल व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण कीफ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते असतं. पुढचा तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू करता येतो. डीव्हीडीत कीफ्रेम अर्ध्या-पाऊण सेकंदाला येते, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. पण एक्स २६४ या एन्कोडरने मूळ सेटिंगवर बनवलेल्या फाइलमध्ये दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत, म्हणजे दहा सेकंदांपर्यंत, अंतर असू शकतं. काढलेल्या प्रसंगाची शेपटी परत येते ती अशी. काही वेळा ती शेपटी फाइलमध्ये राहते आणि ‘ही दाखवू नकोस’ अशी खूण तेवढी केलेली असते. कॉम्प्युटर ती खूण पाळतो. टीव्हीत घातलेल्या पेन ड्राइव्हवरून चालवताना टीव्ही पाळेलच असं नाही. अचूक कापायचं तर पुन्हा एन्कोड करा, वेळ द्या, थोडी क्वालिटी सोडा. नुसता आवाज घालवायचा असेल तर मात्र चित्राला हात लावायची गरजच नसते, फक्त ध्वनिपट्टी नव्याने बनवली की झालं.

माझा कल यादीकडे आहे, आणि तो कायद्यामुळे नाही. मुलं मोठी होतात. सहा वर्षांच्या मुलासाठी वगळलेला मारामारीचा प्रसंग तेराव्या वर्षी वगळायचं कारण नसतं. यादीतली ओळ खोडली की तो परत येतो. कापलेली फाइल मूळच्या जागी लिहून टाकली असेल तर तो कायमचा गेला, आणि जुनी डिस्क तोवर बुरशी लागून वाचेनाशी झालेली असते. डिस्क भरते म्हणून मूळ फाइल पुसणाऱ्यांचा मला राग येतो. चार टीबीची ड्राइव्ह घ्या.

राग येण्यासारख्या गोष्टी निघाल्याच आहेत तर, शिवीच्या जागी ‘पीं’ वाजवू नका. मुलांचं लक्ष नेमकं तिथेच जातं आणि मग जेवताना ताटावर ‘पीं, पीं’ सुरू होतं. आवाज नुसता बंद करा, तोही एका शब्दापुरता. लांब म्यूटमध्ये पार्श्वसंगीतही जातं आणि टीव्ही बिघडला की काय असं वाटतं. ध्वनिपट्टी ५.१ (सहा चॅनेलची) असेल तर संवाद बहुधा मधल्या चॅनेलमध्ये असतात. तेवढाच चॅनेल दाबला तर संगीत चालू राहतं, पण हे ईडीएलच्या साध्या म्यूटने होत नाही, नवी ध्वनिपट्टीच करावी लागते. आणि सबटायटल! आवाज बंद करून निर्धास्त झालेल्या आईबाबांना खाली तोच शब्द ठळक अक्षरांत उमटलाय हे लक्षात येत नाही. वाचता येणाऱ्या मुलासाठी तो म्यूट असला काय नि नसला काय. सबटायटलची फाइल वेगळी असेल तर तिच्यातून ती ओळ काढा, डिस्कमधलीच असतील तर बंद ठेवा.

गाण्याच्या मध्ये कधीही कापू नका किंवा वगळू नका. ताल तुटला की घरातला सगळ्यात लहान प्रेक्षकही मान वर करतो. गाणं ठेवायचं तर पूर्ण, नाहीतर पूर्ण जाऊ द्या. मृत्यूचा प्रसंग सरळ उडवला तर पुढे सगळे पांढरे कपडे घालून का बसलेत याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. रक्त वगळा, बातमी राहू द्या. आणि यादीत दहा-बारा ओळींच्या पुढे जावं लागत असेल तर तो चित्रपट त्या वयासाठी नाहीच. वीस मिनिटं गाळून दाखवण्यापेक्षा दुसरा चित्रपट लावा.

कापलेल्या प्रतीची एक जागा मात्र मी मान्य करतो. सुट्टीत मुलं आजीआजोबांकडे जातात, तिथे टीव्हीत पेन ड्राइव्ह घातला की जे समोर येईल ते चालतं. तिथे कोडी नाही आणि ईडीएल वाचणारं कुणी नाही. आजीला ‘एकतिसाव्या मिनिटाला रिमोट हातात घ्या’ असं सांगणं बरं दिसत नाही. तिथे कापलेली प्रतच द्या, पुन्हा एन्कोड करून, प्रत्येक जोड आधी स्वतः बघून, फाइलच्या नावातच ‘कापलेली, ७ वर्षांपर्यंत’ असं लिहून. पेन ड्राइव्हवर तेवढीच ठेवा. शेजारी मूळ फाइल राहिली तर टीव्ही एक संपली की पुढची आपोआप लावतो.