खांद्यातील कंडरा स्थानांतरणाचे दीर्घकालीन परिणाम

दंडाच्या हाडाच्या डोक्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या तंतुमय पट्ट्यांचा, जो वेढा असतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. हा वेढा इतका फाटला की त्याची टोके ओढूनही हाडापर्यंत येत नाहीत आणि आखडलेल्या स्नायूत चरबी भरते, तेव्हा टाके घालून तो जोडता येत नाही. अशा वेळी शेजारच्या सुदृढ स्नायूची कंडरा तिच्या मूळ जागेवरून सोडवून फाटलेल्या कंडरेच्या जागी बसवतात. हेच कंडरा स्थानांतरण होय. जन्माच्या वेळी मज्जातंतूंना झालेल्या इजेसाठी लेपिस्कोपो यांनी १९३४ मध्ये अशी पद्धत मांडली. पक्षाघात झालेल्या खांद्यावरील शस्त्रक्रियांचा पाया घालण्यात कोलकात्याचे डॉ. अमूल्यकुमार साहा यांचा १९६७ मधील प्रबंध महत्त्वाचा आहे. फाटलेल्या कफसाठी पाठीचा रुंद स्नायू, म्हणजे लॅटिसिमस डॉर्सी, वापरण्याची पद्धत स्विस शल्यविशारद ख्रिश्चन गेर्बर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली.

दीर्घ काळाचे सर्वांत बोलके आकडे गेर्बर यांच्याच गटाने २०१३ मध्ये मांडले. त्यांनी ५७ खांद्यांचा सरासरी बारा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. आपला खांदा निरोगी खांद्याच्या तुलनेत किती टक्के चालतो, या प्रश्नाला रुग्णांनी दिलेले उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या २९ वरून ७० टक्क्यांपर्यंत गेले, आणि वेदना, हालचाल, ताकद व दैनंदिन कामे एकत्र मोजणारा, वयानुसार जुळवलेला कॉन्स्टंट गुणांक ५६ वरून ८० टक्क्यांवर आला. वेदनेत मोठा उतार पडला. हात बाजूने उचलण्याची ताकद मात्र थोडीच वाढली, आणि क्ष-किरण चित्रांत सांध्याची झीज सरासरीने काहीशी पुढे सरकलेली दिसली. म्हणजे ही शस्त्रक्रिया झीज थांबवत नाही. ती वेदना कमी करते आणि हाताचा वापर टिकवते.

परिणाम कोणाचे चांगले टिकतील हे बरेचसे आधीच ठरते. खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू निकामी असेल तर स्थानांतरित कंडरेच्या ओढीला समोरून तोल मिळत नाही. मागचा टेरेस मायनर चरबीने भरलेला असेल तरीही निष्पत्ती खालावते. आधीची दुरुस्ती फसलेल्या खांद्यांतही फळ कमी मिळते. त्यामुळे तपासणीत या स्नायूंकडे झालेले दुर्लक्ष हे शस्त्रक्रियेतल्या तांत्रिक चुकीइतकेच महाग पडते. फऱ्याजवळच्या ट्रॅपिझियसचा खालचा भाग वापरण्याची नवी पद्धत बाहेर फिरवण्याच्या ओढीला अधिक जुळते, पण तो स्नायू दंडापर्यंत पोहोचण्यासाठी मध्ये दुसऱ्या कंडरेचा तुकडा जोडावा लागतो, आणि या पद्धतीचा दीर्घ अनुभव अजून तुलनेने कमी वर्षांचा आहे.

हात शरीराकडे ओढण्यासाठी घडलेल्या लॅटिसिमस डॉर्सीला शस्त्रक्रियेनंतर हात बाहेर फिरवायला शिकवायचे असते. त्यासाठी साधारण सहा आठवडे आधारपट्टा, मग महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते आणि सुधारणा वर्षभर चालू राहते.

ठाणे आणि नवी मुंबईत ही बाब रोजगाराशी थेट जोडलेली आहे. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत गोण्या पाठीवर वाहणाऱ्या माथाडी कामगाराचा खांदा वेदनामुक्त झाला, तरी ५० किलोची गोणी उचलण्याचे बळ त्याला परत मिळेलच असे शल्यविशारदाने आश्वासन देऊ नये. हे शस्त्रक्रियेआधी, कुटुंबासमोर, स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वरची कडी धरणे, केस विंचरणे, फडताळातला डबा काढणे ही कामे मात्र पुष्कळ रुग्णांना पुन्हा जमू लागतात, आणि त्यांच्या दृष्टीने तीच खरी कसोटी असते. पाठपुराव्यात गुणांकाबरोबर याचीही नोंद व्हावी. काही वर्षांनंतर झीज त्रासदायक झाली, तर उलटा कृत्रिम सांधा, म्हणजे ज्यात गोळा आणि वाटी यांच्या जागांची अदलाबदल केलेली असते असा सांधा, बसवण्याचा मार्ग खुला राहतो.