शिडी वर गेल्यावरच का सटकते?

आमच्या जिन्यात रंगकाम चालू होतं. रंगाऱ्याने शिडी भिंतीला लावली, दुसऱ्या पायरीवर चढून दोनदा अंग हलवून पाहिलं, "पक्की आहे" म्हणाला आणि डबा घेऊन वर गेला. मला या तपासणीची भीती वाटते. खालच्या पायरीवर शिडी जे सांगते, ते वरच्या पायरीवर खरं राहत नाही.

माणूस जसजसा वर चढतो, तसतशी शिडी भिंतीला जास्त रेटते. भिंत तितक्याच जोराने उलटी रेटते आणि शिडीचे पाय बाहेर सरकू पाहतात. त्यांना धरून ठेवतं ते फरशीचं घर्षण. समजा, शिडी 12 फुटांवर टेकलीय आणि पाय भिंतीपासून 3 फुटांवर आहेत. 60 किलोचा माणूस टोकाशी पोचला, की पायांना बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे 15 किलोंचा. दुसऱ्या पायरीवर तो जेमतेम दोन-अडीच किलो असतो. पाय 6 फुटांवर ठेवले तर टोकाशी तोच जोर 30 किलो! आणि अशी पसरट शिडी चढायला सोपी वाटते, हीच तर फसगत. म्हणून चार फूट उंचीला एक फूट अंतर. याहून फार उभी लावली तर ती माणसासकट मागे कलंडते.

त्यात टाइल ओली असेल, डिस्टेंपर सांडलेला असेल, तर घर्षण आणखी घटतं. अशा वेळी तळच्या पायरीवर उभा राहिलेला बिगारी खरंच मोठं काम करतो. त्याचं जवळजवळ सगळं वजन शिडीच्या पायांवर उतरतं, पकड वाढते आणि बाहेरचा रेटा फारसा वाढत नाही. पण पुट्टी कालवायला हाक येते ती नेमकी त्यालाच, कारण तो 'नुसता उभा' दिसतो.

10 फुटांवरून जमिनीवर यायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो; आदळताना वेग ताशी सुमारे 28 किलोमीटर. सावरायला वेळच नसतो. पायांवर पडलेला माणूस टाच धरून कळवळतो, आणि सगळ्यांचं लक्ष टाचेकडे जातं. पण तोच धक्का पायातून वर चढून कमरेचा मणकाही मोडू शकतो. त्यामुळे टाच मोडलेली दिसली की डॉक्टर पाठही तपासतात. अशा माणसाला काखेत धरून उठवू नका, चालवू नका. आहे तसाच निजवून ठेवा आणि 108 ला फोन करा.