गाठ काढायला निघालात? आधी डबी घेऊन जा

डॉक्टरांनी ‘गाठ काढून तपासायला पाठवू’ म्हटलं की घरात सगळ्यांना ऑपरेशनचीच काळजी लागते. कातडीखालची लहान गाठ असेल तर हे काम बहुधा तासाभराच्या आतलं. जागा बधिर करायचं इंजेक्शन झोंबतं, पुढे ओढल्या-दाबल्यासारखं जाणवतं. बरेच जण त्याच दिवशी घरी जातात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनना आधी सांगा, मनाने बंद करू नका. टाके आणि ड्रेसिंगचं तेच सांगतील. आमचं, म्हणजे गाठ तपासणाऱ्या लॅबचं काम त्यानंतरचं, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

काढलेली गाठ नातेवाइकांच्या हाती देतात आणि ते ती लॅबला आणतात. कुणी सलाईनच्या बाटलीत, कुणी पाण्यात, कुणी गॉजमध्ये गुंडाळून कोरडीच. त्यात अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीचा प्रवास आणि सोलापूरचा मे महिना. या उन्हात मटण बाहेर राहिलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. सलाईनने गाठ टिकत नाही. पेशी विरायला लागतात आणि मायक्रोस्कोपखाली आम्हाला त्यांच्या नुसत्या सावल्या दिसतात. अशा गाठीवर ठाम रिपोर्ट देता येत नाही, आणि एकदा काढलेली गाठ पुन्हा काढता येत नाही. फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नका, बर्फाचे कण पेशी फाडतात.

गाठ टिकते ती दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या रसायनात. गाठीच्या निदान दहापट फॉर्मालिन हवं, आणि गाठ काढल्या काढल्या त्यात पडायला हवी. स्तनाची गाठ असेल तर तासाच्या आत. डबी रुंद तोंडाची घ्या. अरुंद बाटलीत मऊ गाठ दाबून जाते, फॉर्मालिनने ती घट्ट होते, मग बाटली कापण्यावाचून इलाज नसतो. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात. उजवी की डावी बाजू तेही लिहा. सोबत सर्जनचा फॉर्म आणि सोनोग्राफी, एफएनएसीचे (सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीचे) जुने रिपोर्ट आणा. दोन लॅबना दाखवायचं म्हणून गाठ परस्पर अर्धी करू नका. कडेपर्यंत आजार पोचलाय का, हे अखंड गाठीवरच नीट कळतं.

एक अपवाद आहे. टीबीची शंका असेल तर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, एक तुकडा वेगळ्या निर्जंतुक डबीत, साध्या सलाईनमध्ये लागतो, कारण फॉर्मालिनने जंतू मरतात. ही वाटणी सर्जननेच करायची.

‘जास्त पैसे घ्या, पण उद्या रिपोर्ट द्या’ असं म्हणणारे रोज भेटतात. गाठ फॉर्मालिनमध्ये पुरती मुरावी लागते. मग अल्कोहोल, झायलीन, मेण अशा पायऱ्या, आणि गाठ बसवलेल्या त्या मेणाच्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे काप. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. हे काप रंगवून झाले की मग डॉक्टर बघतात. म्हणून तीन-चार दिवस. हाड असेल तर ते आधी मऊ करावं लागतं, त्याला आणखी वेळ लागतो. आयएचसी (पेशींवर खास रंग चढवून करायची जादा तपासणी) लागली तर तिचे दिवस आणि पैसे वेगळे, पण ते तुम्हाला आधी विचारूनच. फोनवर ‘साधी आहे ना, एवढंच सांगा’ म्हणू नका. अर्धं ऐकून घरी रडारड झालेली आम्ही पाहिली आहे. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांसमोरच वाचा.

फॉर्मालिन भरलेल्या डब्या आमच्याकडे तीन मापांत फुकट मिळतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खिडकीवर या, गाठ कुठली आणि केवढी ते सांगा. तपासणी दुसरीकडे करणार असाल तरी डबी न्या, आमची हरकत नाही. ब्लॉक आम्ही जपून ठेवतो. पुढे बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला किंवा मुंबईला टाटाला दाखवायचं ठरलं तर पावती आणा, ब्लॉक आणि स्लाइड मिळतील. वेगळे पैसे नाहीत.