टेन्शनमुळे पोट सुटतं का? या प्रश्नामागचा इतिहास

आमच्या मावसताईचा पंजाबी ड्रेस शिवायचा म्हणजे टेलरबाईंची कसोटी असते. खांदा बारीक, दंड बारीक, पाय तर काड्या, आणि पोटाचं माप घ्यायला टेप लावली की बाई दोनदा बघतात. शेवटी वरचं माप एका साईजचं आणि खालचं दोन साईज मोठं, बाजूला दाबून ठेवलेलं कापड, पुढच्या वर्षी उसवायला लागेल म्हणून. ताई नाईट शिफ्ट करते, घरी सासरे अंथरुणावर, झोप तुकड्यातुकड्यात, आणि येणारा जाणारा तिला सांगतो की भात सोड, चाल जरा. सध्या मोबाईल उघडला की "कॉर्टिसॉलमुळे पोट सुटतं" (कॉर्टिसॉल म्हणजे टेन्शन आलं की शरीरात वाढणारं हॉर्मोन) असले व्हिडिओ येतात, तिनेही बघितले आणि मला विचारलं की खरंच असं असतं का गं. म्हणून हे लिहायला बसले, कारण या एका वाक्यामागे शंभर वर्षांचा शोध आहे आणि तो व्हिडिओत सांगतात तेवढा सरळ अजिबात नाहीये.

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व आहे, हे पहिल्यांदा ठासून सांगितलं फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या एका डॉक्टरने, ज्याँ व्हाग त्यांचं नाव, साल १९४७. त्यांनी पेशंटच्या दंडावरची आणि मांडीवरची चरबी मोजून तुलना केली (टेलरबाईंसारखंच की, जागोजागी वेगळं माप) आणि लठ्ठपणाचे दोन प्रकार पाडले, एक पुरुषी, म्हणजे वरच्या अंगाला आणि पोटाला चरबी, आणि दुसरा बायकी, म्हणजे मांड्या आणि नितंबांवर. डायबेटिस, हार्टचा त्रास, गाऊट हे सगळं पहिल्या प्रकारात जास्त दिसतं असं त्यांचं म्हणणं होतं. १९५६ मध्ये त्यांनी हेच इंग्रजीत मांडलं, पण पुढची पंचवीस-तीस वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही, सगळे आपले वजनकाट्यावरच बघत बसले.

हॉर्मोनचा धागा त्याहून जुना आहे. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये एका २३ वर्षांच्या तरुणीची केस लिहिली, वैद्यकाच्या पुस्तकांत ती मिनी जी. या नावाने ओळखली जाते. पोट सुटलेलं, चेहरा गोल, हातपाय मात्र बारीक, पोटावर जांभळट चरे. १९३२ मध्ये कुशिंगनी याचं मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या छोट्या गाठीत आहे असं मांडलं. आज आपल्याला माहितीये की ती गाठ किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना सतत हुकूम सोडत राहते आणि त्या कॉर्टिसॉल ओतत राहतात. वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांचं तोंड सुजल्यासारखं गोल होतं आणि पोट पुढे येतं, ते आपल्याकडे पुष्कळांनी घरात पाहिलंय, गोष्ट तीच. म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार वाढलं तर पोटावर चरबी येते यात वादच नाही. वाद आहे तो पुढे, की ज्यांना असा आजार नाही, नुसतं टेन्शन आहे, त्यांचं काय?

टेन्शनला शास्त्रात जागा मिळवून दिली मॉन्ट्रियलच्या हान्स सेलिये यांनी. १९३६ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात त्यांचं एक छोटंसं पत्र आलं. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, काहीही करा, शरीराचं उत्तर सारखंच येतं, अॅड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, छातीतली थायमस ग्रंथी आकसते, पोटात अल्सर होतात. स्ट्रेस हा शब्द आज आपण चहा पिता पिता वापरतो त्यामागे त्यांचाच मोठा हात आहे.

हे सगळे धागे एकत्र गुंफले गेले स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात, आणि मला विचाराल तर या सगळ्या कहाणीचं हृदय तिथेच आहे. १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांना वयाच्या ५४ व्या वर्षी मोजून १३ वर्षं त्यांचा पाठपुरावा केला होता, शिवाय १४६२ बायकांचा १२ वर्षं. दोन्हीचे निकाल १९८४ मध्ये आले, आणि व्हाग बरोबर ठरले. कंबर भागिले नितंब हा साधा टेपने काढलेला आकडा हार्टच्या आजाराबद्दल एकूण वजनापेक्षा जास्त सांगत होता. या टीममधले पेर ब्योर्नटॉर्प तिथे थांबले नाहीत, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला की काहींचीच चरबी पोटात का जाते, आणि त्यांना दिसलं की पोट सुटलेल्या माणसांत एकटं राहणं, कमी शिक्षण, बेकारी, दारू-सिगारेट, झोपेच्या तक्रारी हे सगळं जास्त आहे. त्यांचा तर्क असा की माणूस झगडतो तेव्हा एक प्रतिक्रिया होते, पण हात टेकतो, आपल्या हातात काहीच नाही असं वाटायला लागतं, तेव्हा मेंदू ते अॅड्रिनल ही साखळी बिघडते आणि कॉर्टिसॉल चरबीला पोटाकडे वळवतं. पोटातल्या आतड्याभोवतीच्या चरबीत कॉर्टिसॉल पकडणारे रिसेप्टर जास्त असतात आणि तिथलं रक्त थेट लिव्हरला जातं, म्हणून ती चरबी मांडीवरच्या चरबीपेक्षा घातक.

मग त्यांचे सहकारी रोलंड रॉसमंड यांनी १९४४ मध्ये जन्मलेल्या पुरुषांची लाळ दिवसभरात पुन्हा पुन्हा तपासली, घरी, ऑफिसात, रोजच्या कामाच्या दिवशी, आणि इथे व्हिडिओवाल्यांची गोष्ट कोलमडते. कारण निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर चांगलं चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं, म्हणजे सकाळी जास्त असणं ही चांगली खूण आहे. ज्यांचं पोट, शुगर, बीपी सगळंच बिघडलेलं त्यातल्या एका गटात उलट ही चढउतारच सपाट झालेली होती, सकाळी चढतच नाही. म्हणजे नुसतं जास्त की कमी हा प्रश्नच नाही, ताल गेलाय का हे बघायचं, आणि सकाळी एकदा रक्त देऊन आलेल्या आकड्यावरून ते कळत नाही.

१९९७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बर्मिंगहॅमच्या पॉल स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गुंता सोडवला (की वाढवला). पोटातल्या चरबीच्या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं, ते निष्क्रिय कॉर्टिसोनचं तिथल्या तिथे सक्रिय कॉर्टिसॉल बनवतं. म्हणजे रक्तात कॉर्टिसॉल नॉर्मल आणि पोटाच्या आत मात्र छोटासा कारखाना चालू. २००१ मध्ये उंदरांच्या चरबीत हे एन्झाइम मुद्दाम वाढवलं तर त्यांचंही पोट सुटलं आणि शुगर वाढली. मग औषध कंपन्यांनी ते बंद करणाऱ्या गोळ्या करून पाहिल्या, पण माणसांत शुगरवर फायदा बेताचाच निघाला.

आता जीन्स. आपल्याकडे म्हणतात ना, अमक्याला खाल्लेलं अंगीच लागत नाही. कॅनडातल्या क्लोद बुशार यांनी हेच तपासलं. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या, दिवसाला १००० कॅलरी जादा, १०० दिवसांतले ८४ दिवस. जादा खाणं सगळ्यांना सारखंच, पण कोणाचं वजन ४.३ किलो वाढलं तर कोणाचं १३.३, आणि भाऊ भाऊ मात्र एकमेकांसारखेच वाढले. सगळ्यात जास्त सारखेपणा दिसला तो पोटाच्या आतल्या चरबीत. हा पेपर १९९० चा, आणि तो वाचल्यावर कोणाच्या ढेरीकडे बघून "खातो किती" म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. पुढे २०१५ पर्यंत कंबर-नितंब प्रमाणाशी जोडलेल्या ४९ जागा जीनोममध्ये सापडल्या, प्रत्येकीचा वाटा बारीकसा. ताणाच्या हॉर्मोनचंही तसंच, रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणाऱ्या प्रोटीनच्या जीनजवळ २०१४ मध्ये एक फरक सापडला, पण माणसामाणसांतल्या कॉर्टिसॉलच्या फरकातला एक टक्काही त्याने उलगडत नाही.

आणि इथे पुण्याचं नाव येतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. हाडं-स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं पण आतून चरबीवालं बाळ. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो लॅन्सेटमध्ये आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर कंबर झाली की जपायला सांगतात, ते असल्याच अभ्यासांमुळे. यात जीन्स किती आणि आईच्या पोटातलं खाणं-पिणं, तिचे कष्ट किती हे वेगळं काढणं अवघड आहे.

राहिला स्वभाव. स्वभावाला औषध नाही म्हणतो आपण, आणि म्हणूनच मला हा भाग जपून लिहावासा वाटतो. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रिडमन आणि रोझेनमन यांनी टाइप ए स्वभाव आणला, घाईचा, चुरशीचा, हृदयाला वाईट. पुढे तंबाखू कंपन्यांच्या कागदपत्रांतून बाहेर आलं की या संशोधनालाही आणि सेलिये यांनाही त्यांचा पैसा होता, सिगारेटऐवजी स्वभावाला दोष गेला तर त्यांना बरंच होतं. जास्त भरवशाचं काम नंतर झालं. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये १,९८८ लोकांचा पन्नास वर्षांचा डेटा २०११ मध्ये छापून आला, त्यात वजनाशी सगळ्यात घट्ट जोडलेला गुण निघाला मनावर ताबा नसणं. सगळ्यात उतावळ्या १० टक्क्यांचं वजन सगळ्यात संयमी १० टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोने जास्त.

पण ताईला मी दाखवला तो वेगळा पेपर, एलिसा एपेल यांचा, २००० सालचा. ५९ बायकांना तीन दिवस गणितं, भाषण असली अवघड कामं दिली. पहिल्या दिवशी बहुतेकींचं कॉर्टिसॉल चढलं, पुढच्या दिवशी बऱ्याचजणींना सवय झाली आणि ते उतरलं. बारीक अंगाच्या पण पोट सुटलेल्या बायकांचं मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही चढतच राहिलं, काम ओळखीचं झालं तरी शरीराला त्याची सवयच झाली नाही. ताई ते वाचून बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, सासऱ्यांची बेल रोज वाजते, चार वर्षं झाली, तरी रोज दचकायला होतं.

२०१७ मध्ये इंग्लंडमध्ये दोन हजारांवर लोकांच्या टाळूजवळच्या दोन सेंटिमीटर केसांतून साधारण दोन महिन्यांचं कॉर्टिसॉल मोजलं, आणि ज्यांचं जास्त त्यांची कंबर जास्त असं दिसलं. पण चरबी स्वतःच कॉर्टिसॉल बनवते हे १९९७ पासून माहिती असल्यामुळे, आधी टेन्शन आलं की आधी पोट, हे त्या केसांवरून सांगता येत नाही.