म्हशीचा पान्हा धामणीला कसा कळायचा?

मामाची म्हैस एका उन्हाळ्यात संध्याकाळची धार निम्मीच देऊ लागली. कारण मामाला आधीच ठाऊक होतं. तीन दिवसांपूर्वी कडब्याच्या गंजीतून निघालेली सात-आठ फुटी धामण गव्हाणीखालून सरपटत जाताना मामीने पाहिली होती. मामा म्हणाला, "तीच दूध पितीय रे. दुपारी गोठ्यात कुणी नसतंय. मागच्या पायांना विळखा घालायचा, म्हैस जागची हलत नाही, मग सड तोंडात." शेजारच्या तात्यांच्या वडिलांनी असं पिताना म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. असा डोळ्यांनी पाहणारा माणूस प्रत्येक गावात एक असतोच, आणि बहुधा तो वारलेला असतो.

गोष्ट आपल्यापुरती नाही. अमेरिकेत पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या एका सापाचं इंग्रजी नावच 'दूधसाप' असं पडलंय, कारण तो गोठ्याच्या आसपास सापडायचा. युरोपात हाच आळ रातवा पक्ष्यावर होता. रातवा रात्री शेळ्यांची आचळं चोखतो, असं ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलं. रातव्याच्या शास्त्रीय नावातल्या 'कॅप्रिमल्गस'चा अर्थ शेळीची धार काढणारा, आणि तो शिक्का अजून पुसलेला नाही. बिचारा रातवा जनावरांभोवतीचे किडे टिपायला येतो. सापही तसाच. गोठ्यात पेंड, भुसा, धान्य; त्यावर उंदीर; उंदरांमागे धामण.

आता चोखण्याचं बघू. वासरू ओठांनी आणि जिभेने सड घट्ट लपेटतं, तोंडात पोकळी करतं आणि हवेचा दाब कमी झाला की दूध ओढलं जातं. त्यासाठी मऊ ओठ हवेत, गाल हवेत, जाड जीभ हवी. धामणीकडे यातलं काहीच नाही. ओठांच्या जागी ताठ खवले, जीभ दोऱ्यासारखी आणि तीही वास टिपायच्या कामाची. शिवाय तोंड मिटलं तरी जीभ बाहेर काढायला पुढे एक खाच उरते. भोक पडलेल्या नळीने पेल्यातलं ताक ओढून बघा, तसला प्रकार. मग साप पाणी पितो कसा? डेव्हिड कंडॉल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की काही सापांच्या खालच्या जबड्यातल्या त्वचेच्या घड्या स्पंजासारख्या पाणी टिपतात आणि जबड्याची हालचाल ते घशाकडे ढकलते. स्पंजाला पाणी समोर साचलेलं लागतं. सडातून पिळून काढणं त्याच्याने होत नाही.

दात तर आणखी घात करतात. धामण बिनविषारी, पण तिच्या तोंडात आत वळलेल्या बारीक सुयांच्या रांगा असतात. पकडलेला उंदीर निसटू नये म्हणून त्या तशा आहेत. तसल्या तोंडात सड धरला तर तो रक्तबंबाळ होईल. गोमाशी बसली तरी लाथ झाडणारी म्हैस हे गप उभी राहून सोसेल? विळख्याचीही तीच गत: धामण अजगरासारखी भक्ष्याला आवळणाऱ्यांतली नाही, ती त्याला अंगाच्या वजनाने जमिनीवर दाबून धरते.

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. या गोष्टीचं उत्तर गवळ्याच्या तोंडच्या रोजच्या एका शब्दात आहे: पान्हा.

सड पिळला की दूध येतं, असा शहरातल्या माणसाचा समज. धार काढणाऱ्याला माहीत असतं की आधी जनावर पान्हवावं लागतं. रेडकू ढुशा देतं, किंवा ओळखीचा हात कासेवरून फिरतो, समोर आंबोणाची पाटी येते. ही खूण मेंदूला पोचली की तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं आणि कासेतल्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात. मग दूध खाली सडात उतरतं. याला गाईला साधारण मिनिटभर लागतं, म्हशीला दोन-तीन मिनिटंही लागतात. पान्हा फुटण्याआधी सहज निघेल असं दूध गाईच्या कासेत एकूण दुधाच्या जेमतेम पाचवा भाग असतं. म्हशीत तर विसाव्या भागाच्या आसपास. बाकीचं सगळं वर अडकलेलं.

आणि जनावर बिथरलं की? अंगात ॲड्रिनलिन उसळतं आणि पान्ह्याची वाटच बंद होते. म्हणून तर धार काढणारा माणूस बदलला, गोठ्यात कुत्रं शिरलं, रेडकू मेलं की म्हैस 'पान्हा चोरते'. मामी चार दिवस माहेरी गेली तर मामाच्या हाताला जी म्हैस दूध देत नाही, ती पायाला गार, वळवळता साप गुंडाळलेला असताना पान्हवणार! हे मी मामाला बोलून दाखवलं. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "पण मारलेल्या धामणीच्या पोटातनं पांढरं निघतं, त्याचं काय?"

प्रश्न चांगला होता. साप आपल्यासारखी पातळ लघवी करत नाही. तो युरिक आम्ल टाकतो, आणि ते कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं असतं. पोटात चरबीचे फिकट पट्टे असतात, मादीच्या पोटात पांढरी अंडीही असू शकतात. हे सगळं दूध समजलं जातं. (नागपंचमीला नाग दूध 'पितो' तो कित्येक दिवस तहानलेला ठेवल्यामुळे. पाणी मिळत नाही म्हणून समोर येईल ते घेतो, आणि ते फुफ्फुसात जाऊन जिवावर बेततं.)

मग मामाचं दूध गेलं कुठे? उकाड्याने म्हैस तशीही कमी देते. पण सकाळ-संध्याकाळच्या दुधात एवढी तफावत म्हटल्यावर मी पशुवैद्यकांना बोलवायला लावलं. त्यांनी चार वाट्यांचा एक पसरट ट्रे काढला, प्रत्येक सडाचं थोडं दूध एकेका वाटीत घेतलं, त्यात तेवढंच जांभळं द्रावण घातलं आणि ट्रे गोल फिरवला. ही चाचणी १९५७ पासूनची आहे. सडात जंतुसंसर्ग असेल तर दुधात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. द्रावण त्या फोडतं आणि मिश्रण घट्ट होतं. तीन वाट्यांत पाण्यासारखं हललं. मागच्या डाव्या सडाच्या वाटीत जेलीसारखा गोळा तळाला चिकटून बसला. कासदाह, आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात तोच, पण अजून लपलेला: कास सुजली नव्हती, दुधात गाठी नव्हत्या, दूध तेवढं आटत होतं. सडाला ओरखडा पडला असता, तर तोही धामणीच्याच नावावर गेला असता.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवायला सांगितलं. जनावराला लगेच खाली बसू देऊ नका, सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं, असंही बजावलं. मामी तेव्हापासून धार झाली की म्हशीपुढे मूठभर हिरवी वैरण टाकते, म्हणजे ती उभी राहते.

धामण अजून गंजीतच आहे. मामाने तिला हाकललेलं नाही. पण दुपारी गोठ्याचं दार मात्र तो लावून घेतो.